माझा आजार, बायनाचा आळस

८ जुलै २०१९, सोमवार
बीडहून आलो. रक्त पुण्याला पाठवलं होतं, आज निकाल मिळाला. मला आजार आहे. साधासुधा नाही. स्नायूंचा, जन्मापासूनचा, इंग्रजी नावाचा. मॅकआर्डल. डॉक्टर म्हणाल्या, लाखात एखाद्याला होतो. केज तालुक्यात माझ्याशिवाय कुणाला असेल असं वाटत नाही. आमच्या गावच्या बद्रीनाथला तर नक्कीच नाही. त्याला होऊन होऊन मूळव्याध होईल.

डॉ. जाहेदा माझ्या मुलीच्या वयाची. तिच्या वडिलांचा बीडच्या स्टँडजवळ फळांचा गाडा होता, मी स्वतः त्यांच्याकडून केळी घेतलेली आहेत. आता ही मला शिकवते. तिचं म्हणणं असं, की माझ्या स्नायूंच्या कोठारात साखर भरलेली आहे, पण कुलूप उघडत नाही. म्हणून चालायला लागलं की सुरुवातीला पाय भरून येतात, आखडतात. तेव्हा थांबायचं, नाहीतर अगदी सावकाश चालायचं. थोड्या वेळाने अंगातली चरबी कामाला लागते आणि चालणं हलकं होतं. याला ती दुसरा दम म्हणते. रोज असं चालायचं. पळायचं नाही, जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. लघवी काळी झाली तर सरळ दवाखाना. जे बसून राहतात त्यांच्या अंगावर चरबी चढते आणि पाय आणखी निकामी होतात, असंही म्हणाली. म्हणताना माझ्या पोटाकडे बघत होती. शिष्टाचार कॉलेजात शिकवत नसावेत.

भावंडांत कुणाला असा त्रास आहे का, असं विचारलं. मी सांगितलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही.

रोज किती चाललो ते लिहायला सांगितलंय. वही डेअरीतून उचलली. चेअरमनने डेअरीची वही घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? तिला अर्थात दाखवणार नाही. स्वतःपुरती.

९ जुलै, मंगळवार
संकल्प. उद्यापासून रोज सकाळी घर ते छावणी पायी. छावणी आमच्या दूध संस्थेनेच चालवली आहे, गावाबाहेर माळावर. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून आमच्यासकट तीन गावांची सगळी जनावरं तिकडे. गावात आता फक्त माणसं उरली. म्हणजे उपयोगाचं कुणी नाही.

१० जुलै, बुधवार
डॉक्टरने सांगितलंय, चालण्याआधी थोडी साखर घ्या. घेतली. दोन पेढे, वर अर्धा पेला बासुंदी. पहिला टप्पा यशस्वी.
मग बाहेर पाहिलं तर वावटळ. धूळ छातीला वाईट. चालणं उद्या.

१२ जुलै, शुक्रवार
आजही साखर वेळेवर घेतली. निघालोही होतो. दारातच विचार आला. चेअरमन पायी चाललेला दिसला की गाव काय म्हणणार? म्हणणार, गाडी विकली. संस्थेवरचा विश्वास उडेल. दुष्काळात लोकांचा धीर टिकवणं महत्त्वाचं. गाडीने गेलो. छावणीतही सगळ्या दावणींवरून गाडीतूनच फिरलो. काच खाली केली होती, म्हणजे हवा लागली. याला निम्मं चालणं धरायला हरकत नाही.

मुक्ताने विचारलं, तुमी चालायला गेलते का गाडी चालवायला? ही माझी बायको. तीस वर्षं संसार करून विनोदच शिकली.

१८ जुलै, गुरुवार
बायनाबद्दल लिहिणं भाग आहे, कारण डोकं उठलंय.

बायना म्हणजे माझी धाकटी बहीण. सासरहून परत आली त्याला वीस-बावीस वर्षं झाली असतील. सासूने पाठवली. कारण सरळ होतं, आळस. विहिरीवरून घागर घेऊन निघाली की वाटेत बसायची. खुरपायला गेली की दोन सऱ्या झाल्या की बसायची. सासूने वर्षभर पाहिलं आणि बोचक्यासकट आणून सोडली. सासरी तिचं नावच बसकी पडलं होतं. मी तेव्हा सासूशी भांडलो नाही. भांडायला मुद्दा पाहिजे ना.

इथेही तेच. रोज पायी छावणीवर जाते, आमच्या हरण्या बैलाचं वैरणपाणी बघायला. गोगलगाय बरी. गाव सुटलं की बांधाजवळ एक दगड आहे, त्यावर बसते. पोरं त्याला बायनाचा दगड म्हणतात. बरं, एकदा बसून उठली की माळापर्यंत थांबत नाही, म्हणजे जमतं तिला. मग बाई, आधी बसतेस कावून? येताना पुन्हा तेच, छावणीजवळच्या चढावर दुसऱ्या दगडावर. अंग वाळल्या शेंगेसारखं, पन्नाशीला आली तरी पोटाला वळी नाही. अंगावर आजार दिसतो का कुठे?

मीसुद्धा शाळेत पळण्याच्या शर्यतीत खाली बसायचो. मास्तर मला आळशी म्हणायचे. आता पुण्याच्या कागदाने सिद्ध झालं की मास्तर मूर्ख होते. माझा तो आजार होता. हिचा आळस आहे. फरक बारीक आहे, गावाला कळणार नाही.

२४ जुलै, बुधवार
छावणीत बैठक झाली. विषय पोळा. दरवर्षी पोळा गावात होतो. मानाचा बैल आमचा. आजोबांपासून. आमचा बैल मारुतीच्या पारावर पोहोचल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा बैल पुढे जात नाही. नियम एकच. घरच्या माणसाने स्वतः कासरा धरून बैल पारापर्यंत न्यायचा. कासरा मधे जमिनीला लागला, तर मान पुढच्या घराला. पुढचं घर म्हणजे बद्रीनाथचं.

आजवर अडचण नव्हती. आमच्या दारापासून मारुती म्हणजे एक बोळ. मी नुसता कासरा धरून उभा राहिलो तरी हरण्या मला घेऊन जायचा. यंदा सगळे बैल माळावर. म्हणजे छावणीपासून पारापर्यंत पायी, दोन किलोमीटर.

बद्रीनाथ सगळ्यांसमोर म्हणाला, चेअरमनला झेपंल का? न्हाई झेपलं तर आमी हावोत की. आणि मिशीवर हात फिरवला. ज्याच्या म्हशीच्या दुधात पाणी सापडलं म्हणून मी दोनदा नोटीस काढली, तो मला विचारतो झेपेल का. मी म्हणालो, झेपतं का ते पोळ्याला बघ बे.

राधाकिशन आप्पा गावातले सगळ्यात म्हातारे, मानापानाचा निवाडा त्यांचाच. ते डोळे मिटून म्हणाले, नियम हाय तसा ऱ्हाईल. झोपेत बोलले की जागेपणी, ते कळलं नाही.

मान जाऊ देणार नाही. आजोबांनी पटकीच्या साथीतही कासरा सोडला नव्हता. माझ्या हातून बद्रीनाथच्या दारात मान गेला तर मी गावात तोंड दाखवणार नाही.

२५ जुलै, गुरुवार
योजना सुचली. इतकी सोपी की डॉक्टरलाही सुचली नाही.

बोअर. आमचा बोअर आटत आला तेव्हा आम्ही काय केलं? रोज उपसणं बंद केलं. चार दिवस बंद ठेवला की पाणी चढतं, मग एकदम मोटर लावायची. अख्खा जिल्हा असंच करतोय. पायांचंही तेच. रोज थोडं थोडं चालून दम उपसत बसलो तर पोळ्याला काय उरणार? आतापासून उपसा बंद. पोळ्यापर्यंत साठवण. पोळ्याला एकदम.

संस्थेचं काम कॉटवरून करायचं. सह्या घरी आणायला सांगितल्या.

१ ऑगस्ट, गुरुवार
साठवण उत्तम चालू. पायांत जडपणा जाणवतो. म्हणजे भरत आलेत.
साखर मात्र नेमाने घेतो. डॉक्टरची एक तरी गोष्ट पाळावी.

५ ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी
बायनाला योजना मुक्ताने सांगितली असणार. सकाळी येऊन म्हणते, दादा, बोअर येगळा आन हीर येगळी. ज्या हिरीला उपसा न्हाई तिचे झरे बुजत्यात. मी म्हणालो, तू झऱ्यांचं सांगू नको, तुला घागर नेता येत नव्हती. पुरणाची दिंडं ताटात ठेवून गेली. दिंडं चांगली होती. सहा खाल्ली.

१३ ऑगस्ट, मंगळवार
बीडला जावं लागलं, तपासणी. इसाकच्या पिकअपमधून गेलो, आमची गाडी मिटिंगला पाठवली होती. इसाक छावणीला चारा पुरवतो आणि वाटभर बोलतो. चौसाळ्यापासून बीडपर्यंत त्याच्या मेव्हण्याच्या गॅरेजची कथा. ऐकून घ्यावी लागली, पाय त्याच्या गाडीत होते.

डॉ. जाहेदाने मशीनवर उभं केलं. अंगातली चरबी मोजते ती मशीन. आकडा बघून तोंड वाकडं केलं. महिन्याभरात फॅट वाढलं म्हणाली. मी म्हणालो, डेअरीत फॅट वाढलं की आम्ही दर वाढवून देतो, सत्कार करतो. ती हसली नाही. विचारलं, रोज किती चालता? वही आणली का? मी म्हणालो, वही छावणीत राहिली. मग तिने पुन्हा सगळा पाठ वाचला. सावकाश, रोज, आधी विश्रांती, मग दुसरा दम. पोळ्याचं सांगितल्यावर म्हणाली, मोहनराव, इतके दिवस बसून एकदम दोन किलोमीटर, बैलाच्या बरोबरीने, अजिबात नाही. जायचंच तर सुरुवातीला हळू जा आणि पाय धरले की बसा.

मानाचा बैल घेऊन निघालेला माणूस वाटेत बसतो? हे हिला कोण सांगणार. केळीवाल्याच्या घरात मान कुठून असणार.

बाहेर आल्यावर इसाकने विचारलं, काय म्हनली डाक्टर? मी म्हणालो, फिट.

१५ ऑगस्ट, गुरुवार
दुहेरी सण. डेअरीत झेंडा, घरी राखी. झेंड्याच्या ओट्याला पायऱ्या कुणी बांधल्या देव जाणे. वर पोहोचेपर्यंत मांड्या दगड झाल्या. राष्ट्रगीत सुरू होतं म्हणून उभा राहिलो, नाहीतर बसलोच असतो. देशप्रेम.

संध्याकाळी बायनाने राखी बांधली. बांधता बांधता हळूच सांगायला लागली. दादा, पोळ्याला निघालास की पयल्या चढाला पाय धरत्यात. तवा लाज सोडून खाली बसायचं. मांड्यांतला कढ उतरू द्यायचा. मंग उठायचं. मंग कुठवर बी चाल, काई होत न्हाई. मी लहानपनापासून तसंच करते.

म्हणजे आता आळस कसा करावा याची शिकवणी! मी म्हणालो, माझ्या पायाचं तुला काय कळतं? माझा आजार पुण्याला तपासलेला आहे. ती म्हणाली, पुन्याला मला कुनी नेलंच न्हाई. मी ओवाळणी घातली आणि विषय संपवला.

२० ऑगस्ट, मंगळवार
कुणी नाही असं बघून मागच्या दाराने निघालो. एक चाचणी. झपाझप. बोअर चालू करून बघायला नको का?

कडुनिंबापर्यंत गेलो. पोटऱ्यांत गोळे आले, वाळूच्या पिशव्या बांधल्यासारखे पाय झाले. झाडाला धरून उभा राहिलो. लघवीला थोडी चहासारखी झाक आली होती, पण मी आज चहाच जास्त प्यायलो होतो.

कारण सापडलं. चपला. नव्या आहेत, टाच उंच. पोळ्याला जुने बूट घालीन.

२२ ऑगस्ट, गुरुवार
पोळ्यासाठी शिवलेला सदरा आला. बटणं लागत नाहीत. शिंप्याला फोन केला तर म्हणतो, माप तुमीच दिलतं, जुलैतलं. माप देणाऱ्याची चूक काढतो. सचोटी संपली.

मुक्ता म्हणते, कासरा हरण्याच्या जागी तुमालाच बांधावा लागंल. हसण्याचं काय कारण आहे ते तिलाच माहीत.

२९ ऑगस्ट, गुरुवार. खांदेमळणी
बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावली. नदीला पाणी नाही, म्हणून टँकरच्या पाण्यात पोती भिजवून बैल पुसून काढले. एका बैलाला एक बादली. बद्रीनाथने दीड घेतली, मी नोंद करून ठेवली आहे.

बायनाने हरण्याची शिंगं रंगवली, झूल टाचली. सगळं तीच करते, कारण तिला दुसरं काम नाही. हरण्याही तिच्या मागेच मान वळवतो. जनावराला माणसाची पारख नसते.

माझी तयारी पूर्ण आहे. महिनाभराची साठवण. उद्या बद्रीनाथचं तोंड बघायचंय. सुरुवातीलाच असा झपाटा लावायचा की मागच्यांना पळावं लागलं पाहिजे. हळूबिळू काही नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार. पोळा, सकाळ
साखर घेतली. सहा पेढे. बूट घातले. बटणं उघडीच, वरून फेट्याचा शेमला सोडला आहे, कळणार नाही. निघतो.

१ सप्टेंबर, रविवार. अंबाजोगाई, दवाखाना
हातात सलाईन आहे, डाव्या हाताने लिहितोय. परवा काय झालं ते लोक चुकीचं सांगतील, म्हणून मीच नीट लिहून ठेवतो.

वाजंत्री सुरू झाली. मी कासरा धरला. मागे हरण्या, त्याच्या मागे बद्रीनाथचा बैल, मग तीन गावांचे बैल आणि माणसं. मी ठरवल्याप्रमाणे झपाटा लावला. छावणीचं फाटक ओलांडलं, पुढे छोटी चढण. अर्ध्यावर मांड्यांनी हात टेकले. पायांतून काहीतरी गुंडाळत वर येत होतं. बायना बाजूने चालत होती. म्हणाली, दादा, बस. आत्ता बस. मी मागे पाहिलं. बद्रीनाथ मिशीवर हात फिरवत होता. मी पळालो.

पळालो हे खरं आहे. किती, ते महत्त्वाचं नाही. मग दोन्ही पोटऱ्या एकदम आखडल्या आणि मी तोंडावर गेलो. हात उघडला. कासरा सुटला.

तो जमिनीला लागला नाही. बायनाने मधेच धरला.

बद्रीनाथ ओरडला, कासरा सुटला, मान गेला! आप्पांना खाटेवर बसवून आणलं होतं. ते डोळे उघडून म्हणाले, सुटला. जमिनीला लागला न्हाई. घरच्या मानसाच्या हातात हाय. बद्रीनाथ म्हणाला, बाईमानसाच्या? आप्पा म्हणाले, नियम कासऱ्याचा हाय, धोतराचा न्हाई. त्यांची झोप नेमकी त्याच दिवशी उडायची होती.

मला उचलून इसाकच्या पिकअपमध्ये टाकलं, चाऱ्याच्या वाढ्यांवर. पोटऱ्या लाकडासारख्या, हात लावू देत नव्हतो. इसाक म्हणाला, चेअरमनसाब, बाजू से निकाल लू क्या? मी ओरडलो, खबरदार. मानाच्या बैलापुढे कुणी जायचं नाही. मीसुद्धा.

आणि मग बायना काय करते? चढण संपली आणि बसली. तिच्या येतानाच्या दगडावर. मनगटाला कासरा गुंडाळून, पदराने तोंड पुसत. हरण्या थांबला. हरण्या थांबला म्हणून बद्रीनाथचा बैल थांबला. मग तीन गावांचे सगळे बैल, वाजंत्रीवाले, फुगेवाला, आप्पांची खाट आणि मी. अख्खा पोळा रस्त्यात उभा, आणि आमची बसकी दगडावर. कुणाची पुढे जायची छाती झाली नाही. बद्रीनाथ नुसता पाय आपटत होता. पुढचा बैल थांबला तर मागच्याने किती थांबायचं, याला नियम नाही.

मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर, ती काही घाई करत नव्हती. हरण्याच्या मानेखाली हात घालून खाजवत बसली होती. घरच्या ओसरीवर बसल्यासारखी.

मग उठली. आणि मग थांबली नाही. माळ उतरली, वेस आली, बोळ आला. वाजंत्री तिच्या मागे लागून धापा टाकत होती. पारावर पोहोचली तेव्हा तिचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. नारळ तिच्या हातून फुटला. आप्पा म्हणाले, कासरा ज्या हातात पोचला, मान त्या हाताचा. पुढल्या साली बी.

म्हणजे मान आमच्या घरातच राहिला. या अर्थाने योजना यशस्वी.

संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. या वेळी मी चहा प्यायलो नव्हतो. मुक्ता नुसती इसाकला हाक मारून आली. विनोद केला असता तर बरं वाटलं असतं.

४ सप्टेंबर, बुधवार
लघवी फिकी होत चालली. मूत्रपिंडं वाचली, असं इथले डॉक्टर म्हणाले. घाबरलो होतो. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

डॉ. जाहेदा बीडहून मुद्दाम आली. मला वाटलं, बोलणार. तिने आधी माझे कागद वाचले. इसाकने तिला पोळ्याची सगळी कथा सांगितली, बायना दगडावर बसली तिथपर्यंत सांगून हसला. ती हसली नाही. कॉटशेजारी बायना पेज भरवायला बसली होती, तिच्याकडे बघत राहिली. मग तिला विचारायला लागली. लहानपणी पाय धरायचे का? जड उचलल्यावर? बसल्यावर मग बरं वाटायचं का? लघवी कधी काळी झाली होती का? बायना म्हणाली, दोनदा झालती. सासरी. उसाच्या मोळ्या उचलायला लावल्या तवा.

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं.

तिचंही रक्त घेतलं. इथल्याच लॅबमध्ये तपासलं, तासाभरात निकाल आला. त्यात तेच निघालं, जे माझ्यात निघालं होतं. पुण्याला पाठवायचंय अजून, पण डॉक्टर म्हणाली, मला शंका नाही. सख्ख्या भावंडांत असतं. फक्त या रोज चालत आल्या आणि तुम्ही बसत आलात. त्यांच्या अंगावर चरबी नाही, पाय चांगले आहेत. कुणी न शिकवता त्यांनी स्वतःला सांभाळलंय.

बायनाला नीट कळलं नाही. दोनदा विचारलं. डॉक्टरने पुन्हा सांगितलं, तुम्हाला जन्मापासून आजार आहे, तुम्ही बसत होता ते बरोबरच करत होता.

मग बायना म्हणाली, मंग मी आळशी नव्हते म्हना.

डॉक्टर म्हणाली, नव्हता.

बायना उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. पेज गार झाली. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होती आणि चष्मा पुसत होती. मी डोळे मिटून घेतले. सलाईनने झोप येते.

२५ सप्टेंबर, बुधवार
घरी येऊन बरेच दिवस झाले. फक्त आजचं लिहितो, आज चाललो.

डॉक्टरची सक्त ताकीद आहे की एकट्याने जायचं नाही. म्हणून बायनाबरोबर. साखर चमचाभर, तीही मुक्ताने मोजून दिली. बायना पुढे, मी मागे. गोगलगायीच्या चालीने. गावातल्या पोरांनी पाहिलं. कुत्र्यांनीही पाहिलं.

गाव सुटलं आणि मांड्यांत कढ सुरू झाला. बायना आपल्या दगडावर बसली. मी उभाच राहिलो. चेअरमन आहे. रस्त्याची पाहणी करतोय असं दाखवत उभा राहिलो. नेमकी बद्रीनाथची फटफटी समोरून आली. पाय लाकूड होत होते, पण मी हलणार नव्हतो. बायना म्हणाली, बस. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, दादा, बस.

बसलो.

बद्रीनाथने गाडी थांबवली. मिशीवर हात गेला. म्हणाला, काय चेअरमन, तुमी बी बसकेच का आता? घराणंच आळशी म्हनायचं.

माझ्या तोंडात उत्तर होतं. चांगलं होतं. पण दम नव्हता.

बायना बसल्या जागेवरून म्हणाली, आजार हाय त्याला. आळस न्हाई. परत तसं तोंडातून काढू नको.

बद्रीनाथ गेला. मी रस्त्याकडे बघत होतो. दगड एका माणसापुरताच आहे. माझं फॅट जास्त, त्यामुळे तिला बरंच सरकावं लागलं. सरकली.